पहिला बार जावयाचा

उद्धव हवालदाराचा हात थरथरताना कुणी पाहिला असेल तर त्यानं समोर यावं. अख्ख्या चाकुरात असा माणूस सापडायचा नाही. साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण बायकोची, सरजाबाईची सुई अजून तोच ओवून द्यायचा, आणि तीही एका फटक्यात. "म्हातारपणी बी हात कसा दगडावानी हाय बघा," असं सरजाबाई शेजारणींना सांगायची, आणि वर "डोकं बी तसंच हाय" असं हळूच जोडायची.

उभी नोकरी त्यानं नांदेडला पोलिसांच्या शस्त्रागारात काढली. चोरामागं पळायचं काम नव्हतं ते. बंदुका खोलायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, कुठली कमान सैल पडली, कुठली पिन झिजली ते बघायचं आणि पुन्हा जोडायच्या. हत्यार हातात आलं की त्याचं दुखणं त्याला कळायचं. माणसाचं कळायचं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

एकुलती एक लेक, सिंधु. पोलीस लाईनीत वाढलेली. बाप घरी कुणाचं शिलाई मशीन, कुणाचा फवारणी पंप खोलून बसला की ही शेजारी मांडी घालून बसायची आणि खोललेले स्क्रू ओळीनं मांडून ठेवायची. जोडताना कुठला कुठं जातो हे बापाच्या आधी हिला ठाऊक. अशा पोरीसाठी धर्माबादेकडचं स्थळ आलं. नदीकाठी शेती, वाळूचा धंदा, दारात टिप्पर उभे. पोराचं नाव शिवशंकर, आणि कमरेला लायसनचं पिस्तूल.

दुसरा कुणी बाप पिस्तूल बघून मागं सरला असता. उद्धवला मात्र तेच आवडलं! लायसन म्हणजे चौकशी झालेली, कागद तपासलेले, चालचलन बघितलेलं, असा त्याचा हिशेब. ज्याला सरकारनं हत्यार दिलं तो माणूस सरळच असणार. आता ह्या अकलेला काय म्हणावं? जन्मभर शस्त्रागारात बसलेल्या माणसालाच असलं सुचू शकतं. कोतवालाला विचारलं असतं तरी त्यानं कानाला हात लावला असता.

पहिल्याच पंचमीला सिंधु माहेरी आली ती पदरानं गाल झाकून. दुसऱ्या वर्षी हात गळ्यात बांधलेला. विचारलं तर म्हणायची, गोठ्यात घसरले. खरं काय ते तिनं आईपाशी ओकलं. शिवशंकर दारू पिऊन मारायचा, न पिता मारायचा, टिप्पर पकडला म्हणून मारायचा आणि सुटला म्हणूनही मारायचा. दारातलं कुत्रं रात्री भुंकलं म्हणून त्यानं सकाळी त्याला गोळी घातली आणि उंबऱ्यावरचं रक्त हिला पुसायला लावलं. एका ड्रायव्हरच्या गुडघ्यात बार काढला, आणि त्या ड्रायव्हरनं मशीनमधी पाय अडकला म्हणून जबाब दिला. हिच्या कपाळाला नळी लावून चहा कर म्हणायचा. चहा उतू गेला तर खटका ओढायचा, आत गोळी नसताना. "एक दिस असंल," एवढं म्हणून हसायचा.

हे ऐकून उद्धव धर्माबादला गेला आणि लेकीला घेऊन आला. सरळ काम होतं, पण आठवडा उलटायच्या आत शिवशंकर जीप घेऊन चाकुरात हजर. बरोबर त्याचा थोरला चुलतभाऊ ग्यानोबा, टिप्पर सांभाळणारा, मानेनं बैलासारखा. भर दुपारी शिवशंकरनं अंगणातून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बार काढले. पाणी भिंतीवरून धो धो खाली. सरजाबाई आडवी आली तर ग्यानोबानं तिला पायरीवरून ढकललं, तिचं मनगट मोडलं. शेजारपाजारचे दारं लावून बसले. सिंधु स्वतःच चपला घालून जीपमध्ये जाऊन बसली, कारण शिवशंकरनं नळी उद्धवच्या छातीवर टेकवली होती.

"मामा," तो गोड आवाजात म्हणाला, "पुन्यांदा हिला आनलं तर आधी तुमाला गोळी घालीन, हिच्या देखत. मग हिला. समजलं?"

उद्धवला समजलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच थिजली. तक्रार करायची तर सिंधु त्याच्या घरात. आज ना उद्या त्या नळीत गोळी असणार, एवढं त्याला पक्कं कळून चुकलं. लेक जिवंत राहील का, ह्यापलीकडं त्याच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. जेवायला बसला तरी तेच आणि देवासमोर बसला तरी तेच.

आणि संक्रांतीनंतर एक दिवस जावई एकटाच आला. हसत आला! येताना तिळगूळ घेऊन आला. मेल्याला लाज म्हणून नव्हती. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, आणि मोबाईल उद्धवच्या पुढं धरला.

"मामा, झालं गेलं गंगेला मिळालं. एक काम हाय, तुमच्या हातचं. लायसनवर गोळ्या मोजून भेटतात. एका लग्नात हवेत बार काढले की संपतात त्या. म्हनून म्हनलं रिकामी काडतुसं घरीच भरावीत. बारूद, टोप्या, सगळं कुटनं आनायचं ते मपलं मी बगून राहिलो. फकस्त मशीन कंची घ्यावी ते तुमी सांगा. तुमाइतकं जाननारा हितं कोन हाय?"

कायद्यानं हे काम म्हणजे थेट तुरुंग, हे उद्धवला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण जावयाला नाही म्हणायचं तर त्याचा राग निघणार कुणाच्या पाठीवर? सरजाबाई दारातून खुणावत होती, हाव म्हणा, हाव म्हणा. उद्धवनं चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेतला.

मशिनी तीन तऱ्हेच्या होत्या. एक अगदी साधी, एका वेळी एकच काम करणारी. प्रत्येक काडतूस हातानं ठेवायचं, दांडी ओढायची, काढायचं, पुढच्या कामाला पुन्हा ठेवायचं. बैलगाडीच्या चालीनं चालायचं, पण एकेक काडतूस डोळ्याखालून जातं, त्यामुळं चूक होत नाही. दुसरी फिरत्या माथ्याची, जरा चपळ. तिसरी मात्र पळणारी. तिच्या गोल ताटलीवर काडतुसं रांगेनं फिरतात, एकात ठिणगी देणारी टोपी बसते, दुसऱ्यात बारूद पडते, तिसऱ्यावर गोळी बसते, आणि दांडीच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं.

"हीच!" शिवशंकरनं मांडीवर थाप मारली. "ही खटाखट हाय. पन लोक म्हनतात साधीच बरी. तुमी काय म्हनता?"

लोक बरोबर म्हणत होते. पळणारी मशीन वाईट नसते, पण तिला शांत डोक्याचा माणूस लागतो. दांडी मध्येच सोडली, बोलण्यात लक्ष गेलं, की एकाच काडतुसात दोनदा बारूद पडून जाते आणि वरून काही दिसत नाही. असलं काडतूस नळीत बसलं की गोळी पुढं जाते आणि पिस्तूल मागं येतं, चालवणाऱ्याच्या तोंडावर. नोकरीत त्यानं असं एक हत्यार पाहिलं होतं. नळी केळीच्या सालीसारखी सोललेली, आणि मुठीच्या खाचेत माणसाचं नख.

त्यानं समोर बसलेल्या माणसाकडं बघितलं. चहा निवेपर्यंत ज्याला धीर नाही, दोन वाक्यांत तीनदा मोबाईल बघणारा, दुपारीच तोंडाला वास. असला गडी दांडी मध्येच सोडणार नाही तर कोण सोडणार?

"पळनारीच घ्या, जावईबापू," उद्धव म्हणाला. "साधी तुमच्या बरोबरीची न्हाई."

"आन् ह्यो वरचा खटका? म्हनतात, बारूद जास्ती पडली तर दांडी आडवून धरतो."

"त्यो नवशिक्याला लागतो. तुमच्यासारख्या हाताला कशाला पायजे?"

शिवशंकर फुलून गेला. जाताना चक्क पाया पडला. तो गेल्यावर उद्धव मोरीवर गेला आणि त्यानं हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. सरजाबाईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काय न्हाई, तिळगूळ चिकट होता.

शिमग्याच्या सुमारास मशीन आली. कुठून, कशी, ते विचारण्यात अर्थ नव्हता. बसवून द्यायला उद्धवलाच बोलावणं आलं. गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत त्यानं जाड लाकडी बाकड्यावर ती घट्ट आवळली, दांडी ओढून दाखवली, आणि मनातल्या मनात मशीनला हात जोडून परतला. आता वाट बघायची एवढंच उरलं होतं. लेकीच्या नवऱ्याच्या मरणाची वाट बघत बसलेला बाप! उद्धवला स्वतःची शिसारी यायची, पण सिंधुचा सुजलेला जबडा आठवला की ती लगेच निवायची.

पाडव्यानंतर लेकीला बघायला म्हणून तो पुन्हा गेला. शिवशंकर नदीवर होता. मागच्या खोलीतून खट्, खट् आवाज येत होता. उद्धवनं दार लोटलं. बाकड्यासमोर स्टुलावर सिंधु बसली होती. एका हातानं काडतूस ठेवायची, दुसऱ्या हातानं दांडी ओढायची.

"तू?"

"मग कोन? ते दोन दिस बसले आन् कंटाळले," सिंधु म्हणाली. "बाहेर सांगतात, मी सोता भरतो. एक बार फुसका निगाला तर हे बगा." तिनं बाही वर केली. कोपरापासून वर सिगारेटचे डाग ओळीनं होते.

अरे देवा! एवढं डोकं चालवलं आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही. त्या घरात भांडी कोण घासतं, शेण कोण काढतं, उंबऱ्यावरचं रक्त कोण पुसतं? मग मशीनची दांडी दुसरं कोण ओढणार होतं? जावयासाठी मांडलेल्या सापळ्यात बापानं लेकीला बसवून ठेवलं होतं. एखादं काडतूस बिघडलं आणि तो वाचला, तर तो हिला उभी चिरणार.

उद्धव तिच्याशेजारी बसला. "हे बग सिंधु, दांडी मधी सोडायची न्हाई. कुनी हाक मारली तर आधी ओढ पुरी करायची, मग उठायचं. मधीच सोडली तर बारूद दोनदा पडती."

"आन् पडली तर?"

"पिस्तूल फुटतं."

"कुनाच्या हातात?"

"चालवनाऱ्याच्या. दुसऱ्या कुनाच्या?"

सिंधुनं दांडी ओढली. काडतूस खालच्या डब्यात पडलं. तिनं ते उचलून उजेडात धरलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा ठेवलं. मग तिनं बापाला विचारलं, आबा, चहा घेता का? तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, म्हणून उद्धव निर्धास्त होऊन चाकूरला परतला. माणसाचं दुखणं त्याला कळायचं नाही, हे आधी सांगितलंच आहे.

त्या वर्षी अधिक मास आला, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. त्यांना बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे आणि दिवा वाण द्यायचा. शिवशंकरनं निरोप धाडला, मी काय येत न्हाई, तुमीच सगळं घेऊन शेतावर या, माझे चार दोस्त असतील. सरजाबाई तेवढ्या उन्हात मोडक्या मनगटानं अनारसे तळत बसली आणि तळता तळता जावयाला अशा शिव्या देत होती की तेल निवावं.

शेतावर आंब्याखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. शिवशंकर पाटावर बसला. उद्धवनं परातीत त्याचे पाय धुतले, पुसले, गंध लावलं. सरजाबाईनं ओवाळलं. दोस्त फोटो काढत होते, ग्यानोबा आंब्याला टेकून उभा होता. सिंधु वाढायला आली, आणि धोंड्यावर घातलेलं तूप पातळ निघालं. शिवशंकरनं बसल्या जागेवरून तिच्या कानशिलात अशी हाणली की ती वाटीसकट सरजाबाईच्या अंगावर कोसळली. कानातून रक्ताची धार गालावर आली. "नारायण रुसला!" दोस्तांपैकी कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. उद्धव ताटाकडं बघत बसला. सिंधु उठली, पदरानं कान पुसला, आणि दुसरं तूप आणायला गेली.

जेवणं झाली. बांधावर मडकी मांडली. घरच्या काडतुसांचा बार दोस्तांना दाखवायचा होता. "मी सोता भरलेल्या," शिवशंकर छाती ठोकून सांगत होता. "सिंधे, आन!"

सिंधु पिस्तूल घेऊन आली. ताटात, हळदकुंकू लावून, शेजारी दिवा. ते भरून आणायचं कामही तिचंच होतं. शिवशंकरनं ते उचललं, मडक्यांकडं रोखलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून उद्धवकडं आला.

"न्हाई न्हाई! आज वडीलधाऱ्यांचा मान. ही मशीन मामांनी निवडली. पहिला बार मामांचा!"

टाळ्या वाजल्या. पिस्तूल उद्धवच्या हातात आलं. त्यानं बोटं मुठीवर बसवली, सवयीनंच, आणि हात पुढं केला. दगडासारखा हात.

"आबाला नका देऊ!" सिंधु ओरडली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताटातला दिवा कलला होता आणि तेल तिच्या अंगठ्यावरून खाली ओघळत होतं.

"आबाचा हात थरथरतो," ती म्हणाली. "लई दिसापास्नं. भलतीकडं बार जाईल. त्यांला नका देऊ."

उद्धवनं लेकीकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला माणसाचं दुखणं कळलं. आपण सांगितलेलं तिनं त्या काडतुसासारखं कसं उजेडात धरून, पुसून, जपून ठेवलं होतं, हे त्याला तिथं भर उन्हात लख्ख दिसलं. त्याच्या बोटाखाली खटका होता. ठेवून द्या म्हटलं असतं, तर पिस्तूल उघडून काडतूस फोडून बघितलं गेलं असतं, आणि मग तिची खांडोळी झाली असती. काय करायचं ते त्याला एका श्वासात ठरवायचं होतं.

त्यानं हात थरथरवला. आयुष्यात कधी न थरथरलेला हात, खोटाखोटा, म्हाताऱ्यासारखा.

"हाव जावईबापू, पोरगी खरं बोलती. मला जमायचं न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं पिस्तूल दोन्ही हातांवर आडवं धरलं, वाण देतात तसं, आणि मान खाली घातली. "आन् धोंड्याच्या महिन्यात मान जावयाचा असतो. पहिला बार तुमचा."

शिवशंकर हसला. पिस्तूल घेतलं, मडक्यावर रोखलं, खटका ओढला.

तो आवाज बाराचा नव्हता. डबा फुटल्यासारखा होता. धूर विरला तेव्हा मडकं शाबूत होतं आणि शिवशंकर गुडघ्यांवर बसला होता. उजव्या हाताला अंगठा नव्हता, बोटं कातड्यावर लोंबत होती. पिस्तुलाचा वरचा लोखंडी तुकडा मागं येऊन त्याच्या गळ्यात घुसला होता, आणि प्रत्येक श्वासाला तिथून रक्ताचा फेस बाहेर पडत होता. दोस्त वाट फुटेल तिकडं पळाले. सरजाबाईच्या किंकाळीनं आंब्यावरचे पक्षी उडाले.

ग्यानोबा तेवढा पळाला नाही. त्यानं सिंधुचे केस मुठीत धरून तिला जमिनीवर आपटलं आणि बाजूचा कोयता उचलून तिच्या मानेला लावला. "हिनंच! मी बगितलंय मशीनवर हिला! रांडे, तू मारलंस त्याला!"

"सोड तिला!" उद्धवचा आवाज शेतभर घुमला. "ती काडतुसं तिची न्हाईत. मी भरली. मशीन मी निवडली, बारूद मी दोनदा टाकली. वाण म्हनून चाकुराहून घिऊन आलो आन् पिस्तुलात मीच घातली. मला कळत न्हाई व्हय हत्यारातलं?"

ग्यानोबानं भावाकडं पाहिलं. "शिवा, खरं हाय का?"

हे खोटं आहे हे घरच्या तिघांखेरीज तिथं एकट्या शिवशंकरलाच ठाऊक होतं. चाकुराहून फक्त धोंडे आणि अनारसे आले होते. शिवशंकरनं तोंड उघडलं, तर नुसतं रक्त बाहेर आलं. त्यानं डावा हात उचलला. बोट सिंधुच्या दिशेनं वळायला लागलं.

उद्धव त्याच्यापाशी जाऊन बसला. तो उचललेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला, धीर द्यावा तसा, आणि हळूहळू खाली दाबून मातीवर टेकवला. शिवशंकर त्याच्याकडं डोळे फाडून बघत होता. "हाव, हाव, जावईबापू," उद्धव म्हणत राहिला. तो हात सैल पडेपर्यंत त्यानं सोडला नाही.

मग ग्यानोबा सिंधुला सोडून त्याच्यावर आला. कोयता टाकून त्यानं पहार घेतली. मारून टाकायचं नव्हतं त्याला, मोडायचं होतं. उद्धवचा उजवा हात त्यानं परातीच्या कडेवर ठेवला आणि मनगटापासून वर पहार घालत गेला. ज्या परातीत जावयाचे पाय धुतले होते, तीच. उद्धव ओरडला, खूप ओरडला, पण सिंधुचं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

जबाबातही त्यानं तेच सांगितलं. सिंधु दोनदा खरं बोलायला उठली, तर हा तिच्यावर असा खेकसला की पोलिसांनीच तिला बाहेर नेलं. आता ती चाकुरात असते, आईजवळ. तिचा एक कान कायमचा गेला. पाण्याच्या टाकीची भोकं अजून तशीच आहेत.

खटल्याच्या तारखेला उद्धवला आणतात तेव्हा मायलेकी कोर्टाच्या आवारात उभ्या असतात. मागच्या तारखेला शिपायानं दोन मिनिटं बोलू दिलं. सिंधुनं बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं. उद्धवनं उजव्या हातानं घेतला. हाडं वाकडी जुळलेली, पेला लटलट हलत होता, अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. सिंधुला बघवेना. ती हुंदके देत त्याच्या पायाशी बसली.

"आबा, तुमचा हात..."

"रडू नको, येडे," उद्धव म्हणाला. उरलेलं पाणी त्यानं पिऊन टाकलं आणि पेला तिच्या हातात दिला. "तूच म्हनली हुतीस ना, आबाचा हात थरथरतो म्हनून."